भिंतींचे राजकारण आणि डोंगरातले पाणी

कोकणात दरड कोसळली की राज्यकर्ते आभाळाकडे बोट दाखवतात. कोकणातला पाऊस नवा नाही. नवा आहे तो महामार्गासाठी उभा कापलेला डोंगर.

मुंबई-गोवा महामार्गावरील परशुराम घाटात २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत वाहतूक रोज काही तास बंद ठेवून डोंगर कापण्यात आला. घाटाच्या पायथ्याशी पेढे गावची वस्ती आहे. २०२४ च्या पावसाळ्यात तेथील संरक्षक भिंत ढासळली. याच ६६ क्रमांकाच्या महामार्गावर, कर्नाटकातील शिरूर येथे, १६ जुलै २०२४ रोजी डोंगर खाली आला. रस्त्याकडेला चहाचे हॉटेल चालवणारे कुटुंब आणि मालमोटारींचे चालक त्यात बळी गेले. रस्ता ज्यांच्या नावाने बांधला जातो ते निराळे. त्याखाली गाडले जातात ते निराळे!

यामागचे शास्त्र जुने आहे. मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढला की कणांची परस्परांवरील पकड सुटते आणि उतार सरकतो. कार्ल टेर्झागी यांनी हे शंभर वर्षांपूर्वी मांडले. कोकणात सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीवर अडते. तेथेच धोका वाढतो. उपायही ठाऊक आहे. डोंगरात किंचित चढत्या आडव्या नळ्या घालायच्या. पाणी पंपाविना आपोआप बाहेर येते. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्याने १९३९ पासून ही पद्धत वापरली.

भिंत आवश्यकच आहे, असे अभियंते म्हणतील. काही ठिकाणी ती हवीच. परंतु पाण्याला वाट न देणारी भिंत म्हणजे कच्च्या डोंगराला घातलेले धरणच होय. तरीही निविदेत भिंतीला मान मिळतो, कारण भिंत दिसते, मोजता येते, तिचे देयक निघते. नळी मात्र डोंगराच्या पोटात दडते, गाळाने बुजते, दरवर्षी साफ करावी लागते. त्यासाठी कंत्राटदार नव्हे, कायम नेमलेला मजूर लागतो. गटारे उपसणाऱ्या मैलकुलींची फळी मोडून काढणाऱ्या शासनाला हे मान्य होणे कठीण आहे.

म्हणून मागणी केवळ नुकसानभरपाईची नसावी. आधी पाण्याचा निचरा, मग रुंदीकरण. प्रत्येक घाटाला कायम कामगार. भूजलपातळीच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर. कार्यकर्त्यांनी हा आग्रह पावसाळ्यापूर्वीच गावोगावी धरला पाहिजे. दरड कोसळल्यानंतर उरतात ते केवळ पंचनामे.