मागची सीट

मांजरसुंब्याच्या फाट्यावर गॅरेजच्या बाकड्यावर आम्ही मामा-भाचे बसलो होतो. गाडीची चेन घाटात दोनदा उतरली होती. गॅरेजवाल्याने चेन बोटाने उचलून पाहिली, चाक एकदा फिरवलं आणि निकाल दिला, "नुसती चेन टाकली तर चार महिन्यांनी पुन्हा इथंच बसाल. पुरा सेट टाका." पुरा सेट म्हणजे दीड तास. मी चहा सांगितला आणि भाच्याने मोबाईल आडवा धरला. मोबाईल उभा असला की रील आणि आडवा झाला की गेम, एवढं ज्ञान मला आता आलेलं आहे.

गेम होता ट्रॅफिक रायडर. सोनेर कारा नावाच्या तुर्की माणसाने केलेला. तो आला आणि त्याच वर्षी, 2016 च्या सप्टेंबरात, जिओचं सिम आलं. मग आपल्याकडच्या पोरांच्या हातात तो किती पोहोचला असेल याचा हिशोब मांडायची गरज नाही. पडद्यावर हातमोजे घातलेले दोन हात, मधोमध मीटर आणि पुढे सरळसोट रस्ता. मोटारसायकलवाल्याचं तोंड आपल्याला कधी दिसत नाही, कारण ते तोंड आपलंच. भाचा बोलत नव्हता. पण गाडी उजवीकडे गेली की त्याचा खांदा उजवीकडे जायचा, डावीकडे गेली की डावीकडे. बाकड्याला तीन पाय आणि चौथ्या जागी वीट होती. आतून गॅरेजमधलं पोरगं ओरडलं, "आरं, बाकडं पाडशील!"

"कसाय गेम?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"भारी हाय," तो म्हणाला. आणि एक ट्रक कडेने कापून झाल्यावर, "पण खोटा हाय."

मी चहा खाली ठेवला. गेली वीस वर्षं सिनेमावर, पुस्तकावर आणि पुढाऱ्यांच्या भाषणावर एवढं नेमकं परीक्षण मी ऐकलं नव्हतं.

त्याचं म्हणणं असं. गाडीला वजनच नाही. उभी करताना, मागे सरकवताना, वळणात घालताना जे अंगावर येतं ते काहीच येत नाही. रस्त्याला खड्डा नाही, गतिरोधक नाही, कुत्रं नाही. पेट्रोल तर लागतच नाही. ही त्याची तक्रार होती, पण गेम बनवणाऱ्याची जाहिरातच तशी आहे की पेट्रोल नाही, घड्याळ नाही, नुसती मजा. "शंभराचं टाका" म्हणत पंपावर उभं राहिलेल्या पोराला ही मजा पटत नसावी.

आणि गुणांचा हिशोब. शंभरच्या वर वेग ठेवून दुसऱ्या गाडीला जितकं घासून जाल तितके जास्त गुण आणि पैसे. दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्यावर उलट्या बाजूने घातली की आणखी पैसे. पुढचं चाक उचलून चालवली की त्याचे वेगळे.

गॅरेजवाल्याचे कान इकडेच होते. पान्हा हातात तसाच धरून तो म्हणाला, "उलट्या साइडचे पैसे मिळत असते तर बार्शी नाक्यावर सगळे करोडपती झाले असते की."

आता माझं सांगतो, कारण या विषयात मीही काही कोरा नाही. 2002 साली मी बीडला एमएस-सीआयटीचा क्लास लावला होता. तो कोर्स निघून वर्षही झालं नव्हतं आणि नोकरी पाहिजे तर तो पाहिजेच अशी हवा होती. सुभाष रोडला लागून एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, आठ कॉम्प्युटर आणि सोळा पोरं. शिकायचं एक्सेल, पण ‘प्रॅक्टिकल’ नावाच्या फोल्डरात आणखी एक फोल्डर, त्यात आणखी एक, आणि सगळ्यात आत रोड रॅश. कोणी टाकला ते कोणालाच माहीत नाही. जिन्यावर सरांच्या चपलेचा आवाज आला की सोळा पोरं एकदम बेरजा करायला लागायची.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने रोड रॅश 1991 ला सेगाच्या यंत्रासाठी काढला. आमच्याकडे होता तो 1996 चा, विंडोजवर चालणारा. त्यात साउंडगार्डनसारख्या अमेरिकी बँडची गाणी होती, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. आमच्या कॉम्प्युटरांना स्पीकर नव्हते. आम्ही सगळी शर्यत पंख्याच्या घरघरीत खेळलो. रस्ते कॅलिफोर्नियातले. शेजारून जाणाऱ्याला लाथ घालायची, त्याच्या हातातला दांडका हिसकायचा आणि त्याच दांडक्याने त्याला हाणायचं. मागून पोलीस यायचा. त्याने पकडलं की दंड.

त्या गेमवरून क्लासमध्ये सरळ दोन पार्ट्या होत्या. एक शर्यत जिंकणाऱ्यांची. ही पोरं मारामारीला बावळटपणा म्हणायची, पुढे निघून जायची आणि पैसे साठवून नवी गाडी घ्यायची. दुसरी पार्टी मारणाऱ्यांची. त्यांना नंबराशी देणंघेणं नव्हतं. हातात साखळी आली की ते धन्य. पहिल्या पार्टीतले बहुतेक आज मास्तर नाहीतर बँकेत आहेत. दुसरीतल्या दोघांनी जिल्हा परिषदेची निवडणूक लढवली. यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही.

मला मात्र तिसरीच गोष्ट आवडायची. गाडी आदळली की तो गडी हवेत उडायचा, कुठल्या कुठे जाऊन पडायचा. गाडी एकीकडे, तो दुसरीकडे. मग तो उठायचा, कपडेबिपडे न झटकता गाडीकडे पळत सुटायचा. बाकीचे सगळे शेजारून भरधाव निघून जाताहेत आणि हा आपला रस्त्याच्या मधून पळतोय. वाटेत एखादी मोटार पुन्हा उडवायची. पुन्हा उठायचा, पुन्हा पळायचा. आम्ही सोळाही जण तेव्हा गप्प व्हायचो. नेमकं त्याच वेळी भारनियमनाची वेळ व्हायची आणि यूपीएस कूं कूं करायला लागायचा. गडी गाडीपर्यंत पोहोचतो की यूपीएस आधी बंद पडतो, ही त्या खोलीतली खरी शर्यत होती.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "एवढं पळायचं कामून? रिवाइंड नव्हतं का?"

रिवाइंड म्हणजे काय ते त्यानेच सांगितलं. दिवाळीत तो पुण्याला आत्याकडे गेला होता. आत्याच्या पोराकडे प्लेस्टेशन आहे आणि त्यावर मोटोजीपीचा गेम. इटलीतल्या मिलानची माइलस्टोन नावाची कंपनी तो बनवते. ट्रॅक खरे, गाड्या खऱ्या, चालवणारे खरे. पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा, आणि पुढचा जरा जोरात दाबला की तुम्ही खाली. भाचा पहिल्या वळणावरच सात वेळा पडला. पण पडलं की एक बटण दाबायचं. सगळं उलटं फिरतं, आडवी गाडी उभी राहते, मागे सरकत वळणाच्या आधी येऊन थांबते. चुकलो होतो तिथून पुन्हा सुरू.

"त्यामुळं शिकता येतं," भाचा म्हणाला. त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

गॅरेजवाल्याने पँट उजव्या पोटरीवर घेतली. पोटरीवर रुपयाएवढा गुळगुळीत काळा डाग. सायलेन्सरचा. "आठ वर्षांचा होतो, वडिलांच्या मागून उजवीकडनं उतरलो. हे रिवाइंड कर म्हणाव." असला डाग आमच्या घरात तिघांना आहे. बीड जिल्ह्यात कोणाच्या पोटरीवर नाही, तेच शोधावं लागेल. आणि तो गाडी चालवणाऱ्याला सहसा नसतो. मागे बसणाऱ्याला असतो.

मी गॅरेजवाल्याला हँग-ऑनची गोष्ट सांगितली. 1985 साली सेगाने, यू सुझुकी या माणसाच्या डोक्यातून, एक गेम काढला. दुकानात ठेवायचं मोठं यंत्र, आणि बसायला चक्क मोटारसायकलचा सांगाडा. बटणाने वळायचं नाही. अंगाने तो सांगाडा डावी-उजवीकडे कलवायचा, तशी पडद्यावरची गाडी वळायची. त्याच वर्षी आपल्याकडे यामाहा आरएक्स 100 आली आणि हिरो होंडाची सीडी 100 सुद्धा आली. म्हणजे तिकडे लोक खोट्या गाडीवर कलायला शिकत होते तेव्हा इकडे आमचे काका आरएक्सवर कलून शिरूरच्या रस्त्याला दोनदा बाभळीत गेले.

"त्याला बरोबर कळलं होतं," गॅरेजवाला म्हणाला. यू सुझुकीला ही पावती मांजरसुंब्यातून मिळाली. "हँडलनं गाडी वळवतो तो नवशिका. गाडी बुडानं चालवायची असती. आणि मागं माणूस असंल तर त्याच्याबी बुडानं."

हे मात्र खरं आहे, लई खरं आहे. मागचा माणूस निम्मी गाडी चालवतो. माझी आई आयुष्यभर एका बाजूने बसली, दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर पिशवी. तिला घेऊन धारूरच्या घाटात वळताना हँडल नकळत उजवीकडे धरून ठेवावं लागायचं. डावं वळण आलं की ती घाबरून नेमकी उलटी कलायची आणि मग वळण सुटून गाडी रस्त्याच्या मध्यावर. ती उतरल्यावर एकटा निघालो की पहिला किलोमीटरभर गाडी अनोळखी वाटायची, उगाच हलकी. आई जाऊन सहा वर्षं झाली. घाटात अजून हात तसाच जातो.

भाचा ऐकत होता की खेळत होता कोण जाणे. मध्येच म्हणाला, "मामा, ह्याच्यात मागं कोणीच बसत नाही."

मोबाईल त्याने खाली ठेवला होता.

खरंच की. ट्रॅफिक रायडरात नाही, रोड रॅशमध्ये नाही. मोटोजीपीच्या खऱ्या गाडीलाच मागची सीट नसते. डुकाटीने एक दोन सीटची रेसगाडी केली होती, पाहुण्यांना रँडी मामोला या जुन्या रेसरच्या मागे बसवून ट्रॅकवर फिरवायला. पण ती हौसेची. 2023 च्या सप्टेंबरात नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी पहिल्यांदा भारतात आली, मार्को बेझेक्की जिंकला, ती शर्यत मी भाच्यासोबत मोबाईलवर पाहिली होती. उन्हाने तिथले कसलेले गडी हैराण झाले होते. तेव्हाही भाच्याची आजी, म्हणजे माझी मोठी मावशी, मागून डोकावून म्हणाली होती, "एवढ्या मोठ्या गाड्या आन् एकटेच कसे चाललेत?" आम्ही हसलो होतो.

आमच्या जिल्ह्यात एकटा माणूस मोटारसायकलवर दिसला की दहा पावलांवर कोणीतरी हात करतो. फाट्यापर्यंत सोडा. दवाखान्यात सोडा. मागच्या सीटवर बायको असते, दोघांच्या मध्ये पोर, टाकीवर दुसरं पोर. दुधाचे कॅन असतात, सरकीचं पोतं असतं, सोसायटीतून आणलेली युरियाची गोणी असते, एकदा तर केजच्या बाजारातून आणलेली शेळी मी पाहिली, चालवणाऱ्याच्या खांद्यावर तोंड ठेवून शांत बसलेली. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेली जोडपी याच रस्त्याने जातात. सामान ट्रॅक्टरमध्ये पुढे गेलेलं आणि नवराबायको गाडीवर, मागे घडी केलेली गोधडी. मुकादमाच्या वहीत दोघं मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता, उचलही त्या मानाने.

"मग गेममधला गडी म्हणजे अर्धा कोयताच की," गॅरेजवाला म्हणाला आणि चाक बसवायला वाकला. त्याच्याएवढं नेमकं मला सुचलं नव्हतं, म्हणून लेखात त्याचंच घातलंय.

सेट बसला. भाचा चालवायला, मी मागे. नेकनूर सोडलं तोवर अंधार पडला होता. रस्ता चांगला झालाय आता, पोराचा हात सैल सुटतो. मीटरचा काटा खांद्यावरून दिसत होता. सत्तर. पंचाहत्तर. पुढे उसाची डबल ट्रॉली, चढाला लागलेली, मागे ना लाइट ना चकाकणारी पट्टी. नुसतं गाणं ऐकू येत होतं ट्रॅक्टरवरचं. भाचा तिला घासून काढायच्या बेताने उजवीकडे सरकला. समोरून उजेड आला.

मी काही बोललो नाही. फक्त उजवा पाय फूटरेस्टवर जीव खाऊन दाबला.

गाडी हळू झाली, डावीकडे आली, ट्रॉलीच्या मागे लागली. "मामा," तो मान न वळवता म्हणाला, "ब्रेक तुमच्या पायाखाली नाही."

चढावर ट्रॉली माणसाच्या चालीने चालली होती. मागे राहून राहून उसाचा वास नाकात बसला. मोळीतून चार-पाच टिपऱ्या बाहेर आलेल्या, अगदी हाताच्या अंतरावर.

"ओढा की एक," भाचा म्हणाला.

मी पंचेचाळीस वर्षांचा, पेपरात सदर लिहिणारा माणूस. मागे वळून पाहिलं, कोणी नव्हतं. त्याने गाडी आणखी जवळ घातली आणि धरून ठेवली. मी हात लांबवून जोरात ओढलं. हातात नुसतं पाचट आलं.