बांधकामाचा बहर आणि उधारीचा भार

छत्रपती संभाजीनगरच्या चारही दिशांना सध्या बांधकामाची धांदल आहे. बीड बायपासच्या दोन्ही अंगांना निवासी संकुले उभी राहत आहेत. शेंद्रा आणि बिडकीन येथे ‘ऑरिक’ औद्योगिक नगरी आकार घेत आहे. ऑरिक हॉलचे उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झाले आणि ७,८५५ एकरांवरील बिडकीन औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला समर्पित करण्यात आले. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर कंपनीने येथे सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. शहराजवळून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पाही ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कारखाना येतो तेथे कामगार येतो, कामगार येतो तेथे घर लागते, आणि घराला सिमेंट, सळई, फरशी, नळ, वायर, रंग सारेच लागते. जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघालेली सळई शहरातल्या व्यापाऱ्यामार्फत साइटवर पोहोचते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या याच मालाच्या व्यापारात आहेत. त्यांच्या दृष्टीने हा काळ भरभराटीचा दिसतो. विक्रीचे आकडे वाढत आहेत, गोदामातून रोज गाड्या निघत आहेत. तथापि विक्री वाढणे आणि पैसा येणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. बांधकामाच्या तेजीत विक्री आधी वाढते, वसुली मागाहून येते, आणि मधल्या काळाचा भार दुकानाच्या भांडवलावर पडतो. हा भार किती असतो, याचा हिशेब फार थोड्या दुकानांतून मांडला जातो.

एक साधे उदाहरण घ्यावे. समजा, जालना रोडवरील एका दुकानाने ठेकेदाराला २० लाख रुपयांची सळई आणि सिमेंट उधारीवर दिले. १८ टक्के जीएसटी ३ लाख ६० हजार. एकूण बिल २३ लाख ६० हजारांचे. या धंद्यात नफ्याचे प्रमाण तोकडे असते. ते ३ टक्के धरले तर नफा ६० हजार रुपये. कारखान्याचे पैसे आधीच चुकते केलेले आणि स्वतःच्या वाट्याचा करही भरलेला, म्हणजे दुकानाचे सुमारे २३ लाख रुपये या एका व्यवहारात गुंतले. ही रक्कम बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून, ११ टक्के व्याजाने उचललेली असेल, तर वर्षाचे व्याज २ लाख ५३ हजार होते.

या हिशेबाने पैसे ३० दिवसांत आले तर सुमारे २१ हजार रुपये व्याजात जातात आणि ३९ हजार हाती राहतात. ८७व्या दिवशी नफा पूर्ण संपतो. १२० दिवस लागले तर व्याज ८३ हजारांवर जाते. ६० हजार मिळवण्यासाठी ८३ हजार खर्च झालेले असतात. खातेवहीत मात्र तो व्यवहार नफ्याचाच दिसत राहतो, कारण व्याज त्या ठेकेदाराच्या खात्यावर कोणी लिहीत नाही; ते वर्षअखेरीस एकत्रित खर्चात मिसळून जाते. आणि ती रक्कम बुडालीच, तर ती भरून काढण्यासाठी तशाच ३८ व्यवहारांचा संपूर्ण नफा खर्ची पडतो. भरलेला जीएसटीही परत मिळत नाही, कारण बुडीत येण्यासाठी कर परत देण्याची तरतूद आपल्या जीएसटी कायद्यात नाही.

येथे बँकेची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. कॅश क्रेडिटची उचल मंजूर मर्यादेइतकीच माल आणि येणी यांवरही अवलंबून असते. सहसा ९० दिवसांपुढील येणी बँक त्यासाठी हिशेबात धरत नाही. म्हणजे पैशांची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच वेळी उचलीची मर्यादा खाली येते. खाते सलग ९० दिवस मर्यादेबाहेर राहिले तर ते अनुत्पादक ठरते. अशा कर्जाला पुष्कळदा राहते घरच तारण दिलेले असते. ठेकेदाराला तोंडी शब्दावर दिलेली उधारी अखेर कोणत्या भिंतींवर उभी आहे, हे घरातील प्रत्येक कर्त्या माणसाला, आणि घरातील स्त्रियांनाही, ठाऊक असले पाहिजे.

बांधकामात पैसा उशिरा का येतो? प्रत्येक वेळी ठेकेदाराची नियत वाईट असते असे मुळीच नाही. बिल्डर ग्राहकाच्या हप्त्याची वाट पाहतो, ठेकेदार बिल्डरची, उपठेकेदार ठेकेदाराची, आणि माल देणारा दुकानदार या सर्वांची. सरकारी कामात या साखळीच्या टोकाला शासकीय खात्याचे देयक असते. २०२५ मध्ये राज्यातील ठेकेदारांना थकीत देयकांसाठी आंदोलने करावी लागली, ती याचमुळे. वरचा एक दुवा अडखळला की त्याचा धक्का शेवटच्या दुव्याला सर्वांत जास्त बसतो.

ही साखळी साऱ्या जगात अशीच आहे. त्यामुळे इतर देशांनी त्यावर काय उपाय केला, हे पाहणे उपयोगी ठरते. कॅनडातील ओंटॅरिओ प्रांताचे उदाहरण विशेष बोलके आहे. तेथे १८७३ पासून असा कायदा आहे की बांधकामासाठी श्रम किंवा साहित्य देणाऱ्याचे पैसे थकले, तर त्याला त्या जागेवरच हक्क नोंदवता येतो. मालकाने प्रत्येक देयकातून १० टक्के रक्कम याच कारणासाठी राखून ठेवावी लागते. तरीही पैसे उशिरा मिळण्याची तक्रार संपली नाही. म्हणून १ ऑक्टोबर २०१९ पासून तेथे नवा नियम अमलात आला. नियमानुसार योग्य बिल मिळाल्यापासून २८ दिवसांत मालकाने मुख्य ठेकेदाराला पैसे द्यावेत, आणि ते मिळाल्यापासून ७ दिवसांत ठेकेदाराने पुढच्यांना द्यावेत. बिलाविषयी हरकत असेल तर मालकाने १४ दिवसांत कारणासह लेखी कळवावी. वाद झालाच, तर तो न्यायालयाच्या लांब वाटेने न जाता नियुक्त निर्णायकापुढे थोडक्या दिवसांत मिटवण्याची सोय आहे. सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांनी २०२२ मध्ये असेच कायदे अमलात आणले, आणि केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी ९ डिसेंबर २०२३ पासून तशी तरतूद लागू झाली.

या व्यवस्थेचे मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली, मुदतीचे घड्याळ बिल पोहोचल्याच्या दिवसापासून चालू होते, देणाऱ्याच्या सोयीने नव्हे. दुसरी, हरकत घेण्यालाही मुदत आहे. चार महिन्यांनी माल हलका होता असे म्हणण्यास वाव राहत नाही.

आपल्याकडे काय आहे? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. शिवाय आयकर कायद्यात कलम ४३ब (एच) आले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार मुदतीत न दिलेल्या अशा देण्याची वजावट, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळते.

ही तरतूद आली तेव्हा अनेक दुकानांतून समाधान व्यक्त झाले. दुकानाची उद्यम नोंदणी आहे, म्हणजे ठेकेदाराला आता ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतील, असा समज पसरला. हा समज चुकीचा आहे. २ जुलै २०२१ च्या केंद्र शासनाच्या निर्णयाने घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली खरी, पण तिचा लाभ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच मर्यादित ठेवण्यात आला. विलंबित देण्याचे संरक्षण व्यापाऱ्याला त्या नोंदणीतून मिळत नाही. वाळूज किंवा चिकलठाण्यातील खिडक्या, पेव्हर ब्लॉक, दरवाजे बनवणाऱ्या लघुउद्योजकाला ते मिळते. त्याचाच माल घेऊन विकणाऱ्या दुकानदाराला मिळत नाही.

याची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. हाच दुकानदार लघुउद्योजकाकडून माल घेतो तेव्हा त्याने मात्र १५ किंवा ४५ दिवसांत पैसे चुकते केले पाहिजेत. तसे न झाल्यास व्याज लागते, आणि ३१ मार्चला मुदतीबाहेर राहिलेल्या देण्याची वजावट त्या वर्षी जाते. देताना कायदा बांधतो, घेताना मदतीला येत नाही. दोन दगडांमध्ये सापडलेल्या दाण्यासारखी ही स्थिती आहे.

ओंटॅरिओतील विक्रेत्यासारखा जागेवरचा हक्कही येथे नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यात पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवून ठेवण्याचा अधिकार आहे, पण तो माल ताब्यात असेपर्यंतच. सळई स्लॅबमध्ये गेली की तो अधिकार संपला. रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले आहे. तिच्यातून अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांवर कामाच्या प्रमाणात पैसे काढता येतात. ते रक्षण मुख्यतः घर घेणाऱ्याचे आहे. व्यापाऱ्याला त्यातून माहितीचा लाभ मात्र होतो: महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, विक्री आणि कामाची प्रगती कोणालाही पाहता येते.

कायद्याने न दिलेले संरक्षण व्यापाऱ्याने करारातून मिळवावे, हाच यातून निघणारा मार्ग आहे. ओंटॅरिओच्या कायद्याने जे सक्तीचे केले, त्यातील बरेचसे एका पानाच्या लेखी ऑर्डरमध्ये बसते. उधारीची कमाल रक्कम, दिवसांची मुदत, विलंबाचे व्याज, आणि मालाविषयीची हरकत सात दिवसांत लेखी कळवण्याची अट, या चार ओळी ठेकेदाराच्या सहीने असल्या की पुढील अर्धे वाद उद्भवतच नाहीत. माल उतरवून घेणाऱ्याची चलनावर स्पष्ट सही व तारीख घ्यावी. एकाच ठेकेदाराच्या तीन साइट असतील तर खाती तीन ठेवावीत; म्हणजे कोणत्या कामाचा पैसा अडला ते कळते, आणि अडलेल्या साइटवर पुढील गाडी पाठवावी की नाही हे ठरवता येते.

ठेकेदाराला एक गोष्ट सौम्यपणे सांगता येते. त्याने घेतलेल्या कराच्या परताव्यासाठी बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत विक्रेत्याचे पैसे चुकते होणे आवश्यक असते. अन्यथा घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. ज्या ठेकेदाराला क्रेडिट हवे आहे, त्याच्यासाठी ही आठवण तगाद्याहून प्रभावी ठरते.

जुन्या येण्यांविषयी आणखी एक दक्षता हवी. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची आहे. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सही करून बाकी मान्य केली, तर मुदत नव्याने सुरू होते. दरवर्षी मार्चअखेर प्रत्येक खात्याची बाकी कळवून सही घेण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची होती. हल्ली मोबाइलवर ‘देतो’ एवढ्या शब्दावर वर्षे निघून जातात. चेक न वटल्यास बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. संकोचापोटी हे दिवस गेले तर त्या न वटण्यावरून फौजदारी तक्रार करण्याचा हक्क गमावण्याची वेळ येते.

संकोच हाच या व्यापारातला सर्वांत महाग खर्च म्हणावा लागेल. ठेकेदार ओळखीचा असतो, त्याच्या घरच्या लग्नाला जाणे-येणे असते, वडिलांच्या काळापासूनचे खाते असते. अशा माणसापुढे कागद ठेवणे अविश्वासाचे वाटते. परंतु आपल्या वाडवडिलांचा व्यापार विश्वासावर जितका चालला, तितकाच तो रोजच्या रोज लिहिलेल्या वहीवरही चालला. दिवाळीला वहीपूजन होते ते त्या लिहिण्याच्या शिस्तीचेच. येत्या वहीपूजनापूर्वी एका संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून येण्यांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे किती दिवस झाले तो आकडा लिहावा. ८७ च्या पुढे किती नावे आहेत, हे त्या रात्री कळेल, आणि पुढील गाडी कोणाकडे पाठवायची हेही त्यावरूनच ठरवता येईल.