आभाळातला तलाठी

दुष्काळ म्हटला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पहिला शब्द तोंडी येतो तो 'पैसेवारी'. पीक रुपयात किती पैसे आले, याचा हा सरकारी हिशेब. 49 पैसे आली तर टंचाई, 51 आली तर सुगी! वावर तेच, पऱ्हाटी तीच, पण दोन पैशांच्या फरकाने अख्खे गाव सवलतीच्या बाहेर जाते. हा मार आमच्या लोकांनी वर्षानुवर्षे खाल्ला आहे.

आता या हिशेबात एक नवा तलाठी आला आहे. तो कोणाच्या ओसरीवर चहा घेत नाही, कोणा मोठ्या माणसाची मर्जी सांभाळत नाही. शेकडो किलोमीटर उंचीवरून तो आपली शिवारे पाहतो. त्याचे नाव उपग्रह. 2016 साली केंद्र सरकारने दुष्काळाची नवी नियमावली काढली. पाऊस, पेरणी, जमिनीतील ओल आणि पाणीसाठा यांच्या जोडीला उपग्रहाची नोंदही तिने निकष म्हणून घेतली. याच नियमावलीप्रमाणे 31 ऑक्टोबर 2018 रोजी महाराष्ट्रातील 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. तेव्हा हा तलाठी काय लिहितो आणि कसे लिहितो, हे कष्टकरी घरांनाही कळले पाहिजे.

त्याची रीत अवघड नाही. सूर्याच्या उजेडातील तांबडा भाग हिरवे पान खाऊन टाकते, आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड मोठ्या प्रमाणात परत फेकते. पान सुकले की हा फरक कमी होतो. उपग्रह दोन्ही उजेड मोजतो आणि त्यातून उणे 1 ते अधिक 1 या दरम्यानचा एक आकडा निघतो. दाट हिरवळीला मोठा आकडा, उघड्या जमिनीला शून्याच्या जवळचा. यंदाचा आकडा मागच्या अनेक वर्षांच्या त्याच पंधरवड्याशी ताडला की पीक कुठे मागे पडले ते नकाशावर दिसते.

ही विद्या जगाने शिकली ती मुख्यतः आफ्रिकेच्या दुःखातून. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून सुदानपर्यंत साहेल नावाचा कोरडा पट्टा आहे. तेथील दुष्काळ आणि 1984-85 चा इथिओपियातील भीषण दुष्काळ यांनंतर, 1985 मध्ये अमेरिकेने उपासमारीची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा उभी केली. हवामानाच्या उपग्रहांवरून हिरवळ वाचायची आणि धान्य वेळेवर पाठवायचे, हा तिचा हेतू. त्याच नोंदींनी एक समजही तपासून पाहिला. सहारा दरवर्षी दक्षिणेकडे सरकतो आहे आणि त्याला तिथले गरीब गुराखीच जबाबदार आहेत, असे सर्रास बोलले जाई. 1980 ते 1990 या काळाच्या नोंदी 1991 मध्ये प्रसिद्ध झाल्या. वाळवंटाची कड पावसाबरोबर कधी पुढे तर कधी मागे जाते, असे त्यात दिसले. गरिबावरचा आरोप नोंदीपुढे टिकला नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

आपला देशही मागे राहिला नाही. 17 मार्च 1988 रोजी नियमित कामासाठीचा भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आकाशात गेला. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या संस्थेने उपग्रहावरून शेतीच्या दुष्काळाची पाहणी सुरू केली. 2012 पासून ते काम दिल्लीचे महालनोबिस केंद्र पाहते. आपल्या नागपुरात तर 1988 पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे.

परंतु बांधवांनो, वहीत नोंद झाली म्हणजे हिशेब खरा ठरला असे नाही. हे आम्ही कारकुनी करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. नोंदीमागे पावती लागते.

या तलाठ्याच्याही उणिवा आहेत. ऐन पावसाळ्यात ढग आले की साध्या उपग्रहाला खालचे काही दिसत नाही. ढगांतून पाहण्यासाठी रडारचा उपग्रह लागतो. भारत आणि अमेरिकेने मिळून 30 जुलै 2025 रोजी सोडलेला निसार हा तसलाच आहे. दुसरे, शेतात तण माजले तरी आकडा हिरवाच येतो. तिसरे, 2017 चे वर्ष आठवा. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, पाने हिरवीगार, आणि बोंडात गुलाबी अळी! बोंडातली अळी आभाळातून कशी दिसणार? शेवटी वावरात जाऊनच पंचनामे करावे लागले. त्याच हंगामात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या मरणाची खूण कोणत्याही चित्रात उमटली नाही.

आणि ज्याच्याकडे वावरच नाही त्याचे काय? आमच्या वस्त्यांतील कितीतरी घरे रोजमजुरीवर चालतात. पीक बुडाले की निंदणाची आणि कापूस वेचणीची मजुरीही बुडते. तो खाडा पैसेवारीत येत नाही आणि उपग्रहातही येत नाही. मात्र दुष्काळ जाहीर झाल्यावर विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत ढिलाई, पिण्याच्या पाण्याचे टँकर अशा सवलती लागू होत आल्या आहेत. या भूमिहीनांच्याही सवलती आहेत. म्हणून तालुका यादीत येतो की नाही, हा प्रश्न केवळ सातबाराधारकांचा नाही.

नियमावलीतच एक दार उघडे आहे. आकडे दुष्काळ दाखवू लागले की तालुक्यातील 10 टक्के गावांत प्रत्यक्ष शेतात जाऊन खात्री करायची असते. पावती फाडली जाते ती इथेच. पाहणीचे पथक कोणत्या गावांत येणार याची तहसीलमध्ये विचारणा करा. पथक आले की सडकेलगतचे ओलिताचे वावर दाखवून त्यांना परत जाऊ देऊ नका. कोरडवाहू बरड जमिनीपर्यंत न्या. बायाबापड्यांनी पुढे होऊन किती दिवस काम मिळाले नाही ते सांगावे. पावसाच्या खंडाचे दिवस, विहिरीचे पाणी, मजुरीचे खाडे यांची तारीखवार वही वस्तीतल्या शिकलेल्या मुलीने ठेवावी. अर्ज लिहिताना ती फार कामी येते.

आणि संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनो, इस्रोचे 'भुवन' हे संकेतस्थळ 2009 पासून सर्वांसाठी खुले आहे. त्यावर आपला तालुका शोधा, आपले शिवार ओळखा. हे ज्ञान साहेबांच्या टेबलावरच राहावे असा कुठे नियम नाही. आभाळातल्या तलाठ्याची वही वाचणारे पोर प्रत्येक वस्तीत एक तरी असले, तर आपल्या नावाने चुकीची नोंद होताना ते वेळेवर हात वर करील.