जकात गेली, गोदामे राहिली

मुंबईच्या जकात नाक्यावर मालाच्या गाड्यांची रांग लागे, ते दिवस आपले व्यापारी बांधव विसरलेले नाहीत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ही जकात बंद झाली. पण तिने लावलेली सवय गेली नाही. माल हद्दीबाहेर उतरवावा व लागेल तेवढाच शहरात आणून त्यापुरती जकात भरावी, या हिशेबाने भिवंडीजवळ पूर्णा, राहनाळ, माणकोली अशा गावांत गोदामे वाढली. ग्रामपंचायतींना पट्टी मिळाली, मुंबईची जकात चुकली. बड्या व्यापाऱ्याने गोदाम हलविले; पण ज्याचे गिऱ्हाईक शहरातच आहे तो छोटा दुकानदार, तो कारागीर कोठे जाणार? त्याने भरत राहायचे!

आता मालावरचा कर शहराच्या हाती नाही. जकातीची भरपाई राज्य सरकार देते. चढाओढ उरली ती मालमत्तेच्या पट्टीची. पण कमी पट्टी म्हणजे नफाच, असे आम्हांस वाटत नाही. गावातील गोदामाला आग लागली की बंब भिवंडी, ठाणे, कल्याणहून धावतात. त्यांचा खर्च शहरातील करदाताच सोसतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, शहर व शेजारच्या गावांनी रस्ते आणि अग्निशमनाचा खर्च गोदामांच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटून घ्यावा. ही मागणी व्यापारी संघटनांनीच पुढे आणावी. पट्टी भरावी, पावती घ्यावी आणि तिच्या बदल्यात सोयही मागावी. व्यवहार म्हणतात तो हाच.