‘कांहीं नाहीं’ हें उत्तर नव्हे

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं एक प्रसंग नेहमीं घडत असेल. सायंकाळीं सर्व मंडळी एकत्र बसलेली असते. कोणी कांहीं विनोद करतो, सारे हंसतात. आजोबा क्षणभर सर्वांच्या तोंडांकडे पाहतात व विचारतात, ‘‘काय झालें रे?’’ नातू उत्तर देतो, ‘‘कांहीं नाहीं, आजोबा.’’ मग आजोबाही उगाच हंसतात आणि थोड्या वेळानें उठून आपल्या खोलींत जातात. त्यांस दुखवावें असें कोणाच्याही मनांत नसतें. तरी ‘कांहीं नाहीं’ ह्या दोन शब्दांनीं त्यांस घरांत असून घराबाहेर बसविलें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ज्यास कमी ऐकूं येतें त्यानें यंत्र लावावें, म्हणजे प्रश्न मिटला, अशी अनेकांची समजूत असते. परंतु संभाषण हें दोघांचें काम आहे. एकाचा कान मंद झाला, तर निम्मा भार दुसऱ्यानें उचलला पाहिजे. त्यासाठीं बहिरेपण म्हणजे काय हें आधीं समजून घ्यावें.

उतारवयामुळें किंवा सततच्या गोंगाटानें कान बिघडला म्हणजे सर्व आवाज सारखेच मंद होत नाहींत. बहुधा उंच पट्टीचे आवाज आधीं जातात. आ, ओ यांसारखे स्वर खालच्या पट्टींतले व जोरकस. स, श, फ यांसारखीं व्यंजनें उंच व क्षीण. त्यामुळें आवाज पोहोंचतो, पण शब्द कळत नाहीं. ‘सात’, ‘हात’ आणि ‘खात’ एकसारखे भासतात. शांत खोलींत, समोरासमोर जें कळतें, तेंच टीव्ही आणि चौघांची बडबड चालू असतां कळत नाहीं. ‘‘ह्यांना हवें तेवढें बरोबर ऐकूं येतें’’ हा टोमणा ह्या अज्ञानांतूनच निघतो. ओरडूनही लाभ नाहीं. स्वर वाढतात, व्यंजनें जवळजवळ तशींच राहतात, आणि बोलणाराचा चेहरा मात्र रागावलेला दिसतो. ओठांवरून ओळखावें, तर ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच. असा मनुष्य दिवसभर कोडींच सोडवीत असतो. सायंकाळीं तो थकला तर नवल काय?

येथें आम्हांस आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत मागच्या बाकावर एक मुलगा बसे. प्रश्न विचारला कीं तो शेजाऱ्याच्या वहींत पाही. शुद्धलेखनांत भलतेच शब्द लिही. आम्हीं त्यास बेपर्वा ठरविलें आणि एके दिवशीं वर्गापुढें उभें करून, ‘‘कान आहेत कीं भोकें?’’ असें विचारून मुलांस हंसविलें. पुढें त्याच्या आईकडून कळलें कीं, लहानपणापासून त्याचे कान फुटतात, आणि घरीं त्यांत कोमट तेल घालतात. डॉक्टरांनीं तपासलें, तों दोन्ही कानांच्या पडद्यांस खरोखरच भोकें होतीं. आपला तो प्रश्न आम्हांस अजून आठवतो. उपचार सुरू झाले; आम्हीं त्यास पहिल्या बाकावर आणलें आणि फळ्याकडे तोंड करून बोलण्याची आमची संवय सोडली. त्याच वर्षीं त्याचें शुद्धलेखन सुधारलें. बेपर्वाई त्याची नव्हती, आमची होती.

मात्र उरलेला निम्मा भार ज्याचा त्यानेंही उचलावा. जर्मन संगीतकार बीथोव्हेन (१७७०–१८२७) ह्याचे कान तिशीच्या आंतच बिघडूं लागले. १८०२ मध्यें भावांस उद्देशून लिहिलेल्या पत्रांत त्यानें कबूल केलें आहे कीं, आपण बहिरे आहों, मोठ्यानें बोला, असें लोकांस सांगणें त्यास अशक्य वाटे. म्हणून तो दूर राही, व लोक त्यास माणूसघाणा समजत. पुढें १८१८ पासून मात्र तो वह्या बाळगूं लागला. भेटीस आलेले लोक त्यांत लिहीत व तो तोंडानें उत्तर देई. १८२४ मध्यें व्हिएन्ना येथें त्याची नववी सिंफनी प्रथम वाजली, ती ह्याच काळांत. त्याचे कान परत आले नाहींत, पण संभाषण परत आलें. चष्म्याची कोणी लाज बाळगीत नाहीं. मग श्रवणयंत्राची कां बाळगावी? न कळतां मान डोलविण्यापेक्षां, ‘‘बाजारापर्यंत कळलें, पुढचें पुन्हां सांगा,’’ असें म्हणणें अधिक शहाणपणाचें होय.

ऐकणारांनीं काय करावें? बोलण्यापूर्वीं नांव घेऊन लक्ष वेधावें. उजेडांत, समोर बसून, तोंडावर हात न ठेवतां बोलावें. एका वेळीं एकानेंच बोलावें. वाक्य कळलें नाहीं तर तेंच ओरडून न सांगतां शब्द बदलून सांगावें. नांवें व आंकडे लिहून दाखवावे. त्या वहीचें काम आज मोबाइलही करतो. यंत्र नवें असतां संवय होण्यास कांहीं आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. पालकांस आमची विनंती आहे कीं, मूल वारंवार ‘‘काय?’’ म्हणूं लागलें, तर त्यास रागें भरण्यापूर्वीं त्याचे कान तपासून घ्यावे, आणि कानांत तेल वा काडी घालूं नये.

हा प्रश्न केवळ आजोबांचा नव्हे. २०५० पर्यंत जगांतील सुमारें २५० कोटी लोकांस, म्हणजे चौघांत एकास, कमीअधिक श्रवणदोष असेल, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाचा अंदाज आहे. कानांत इयरफोन घालून मोठ्या आवाजांत तासन्‌तास गाणीं ऐकणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटींत तुम्ही आजोळीं जाल. तेथें कोणीं ‘‘काय झालें रे?’’ असें विचारलें, तर जवळ जाऊन, समोर बसून तो विनोद पुन्हां सांगा. दुसऱ्यांदां सांगितलेला विनोद थोडा शिळा होतो खरा. पण तो ऐकून आजोबा मनापासून हंसतील, आणि उठून आपल्या खोलींत जाणार नाहींत.