खिशांतील यंत्राची पूर्वतयारी

गेल्या अंकांत आम्हीं घरखर्चाच्या वहीसंबंधीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनीचें पत्र आलें कीं, वहीची जागा आतां स्मार्टफोननें घेतली आहे, तेव्हां त्याविषयींही कांहीं लिहावें. सूचना योग्य आहे. मात्र त्यांतील सर्व सोयींची यादी देण्याचें आमच्या मनांत नाहीं. ती नातवंडांना तोंडपाठ असते. आम्हांस सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, हें यंत्र ऐन वेळीं उपयोगीं पडावें अशी इच्छा असेल, तर त्याची व्यवस्था स्वस्थपणाच्या वेळीं लावून ठेविली पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रकार येथें मुळींच चालत नाहीं.

समजा, दुपारीं घरांत आजी एकट्याच आहेत व त्यांस एकाएकीं घेरी आली. शेजारी धांवून आले. फोन उशाशीं आहे, पण त्यास कुलूप! मुलाचा क्रमांक आंत, औषधांची नांवें आंत, आणि कुलपाचा आंकडा ज्यांस ठाऊक त्या बेशुद्ध. वस्तुतः कुलूप न उघडतांही ही माहिती परक्या माणसास वाचतां यावी, अशी योजना हल्लींच्या बहुतेक फोनांत केलेली असते. अँड्रॉइड फोनांत ती बहुधा ‘सेटिंग्ज’मध्यें, आणीबाणीविषयक भागांत सांपडते; आयफोनांत ‘हेल्थ’ या भागांत ‘मेडिकल आयडी’ म्हणून असते, व कुलूप असतांनाही ती दिसावी हा पर्याय तेथें चालू आहे ना, हें पाहावें लागतें. रक्तगट, चालू औषधें, ज्या औषधाचें वावडें असेल त्याचें नांव, आणि दोन आप्तांचे क्रमांक, इतकें त्यांत लिहावें. नंतर फोनला कुलूप लावून तो दुसऱ्याच्या हातीं द्यावा, आणि पडद्यावरील ‘इमर्जन्सी’ या शब्दावरून त्यास ही माहिती सांपडते कीं नाहीं याची परीक्षा घ्यावी. परीक्षेवांचून अभ्यास झाला असें मानणें आम्हां शिक्षकांस जड जातें! शिवाय कुलूप असलेल्या फोनवरूनही ११२ हा क्रमांक लावतां येतो, हें घरांतील दहा वर्षांच्या मुलासही ठाऊक असावें.

दुसरा विषय पैशाचा. यूपीआयची पद्धति २०१६ सालीं सुरू झाली व भाजीवालीपासून सराफापर्यंत सर्वत्र रुळली. तिचा एक नियम पाठ करावा: गुप्त पिन लागतो तो पैसे देतांना, दुसऱ्याकडून घेतांना तो कधींच लागत नाहीं. ‘तुमच्या खात्यांत रक्कम जमा करतों, पिन घाला,’ असें म्हणणारा मनुष्य लबाड समजावा.

याहून भयंकर प्रकार म्हणजे ‘डिजिटल अटक’. पोलिसाचा वेष केलेला कोणी इसम पडद्यावर प्रकट होतो, तुमच्या नांवें गुन्हा आहे असें सांगतो, आणि वृद्ध माणसास तासन्‌तास फोनपुढें बसवून आयुष्याची पुंजी काढून घेतो. अशी अटक आपल्या कायद्यांत नाहीं. सुशिक्षित, हुद्द्यावर राहिलेलीं माणसेंही यांत फसतात, याचें कारण आमच्या मतें अज्ञान नव्हे, तर अब्रूची भीति. त्या भामट्याची पहिली अट हीच असते कीं, घरांत कोणास सांगूं नका. तेव्हां एकत्र कुटुंबानें हीच अट मोडण्याची संवय लावून घ्यावी. पैशाचा वा कायद्याचा विषय निघतांच, बोलणारा कोणीही असो, ‘घरांत विचारून सांगतों’ एवढें म्हणून फोन खालीं ठेवावा. सुनेनें सासऱ्यास विचारावें, सासऱ्यांनींही सुनेस विचारावें. त्यांत कमीपणा कसला? आणि रक्कम गेलीच, तर लाजेनें दोन दिवस गप्प बसूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत पळत असतो. लवकर कळल्यास वाटेंत अडविण्याची आशा असते.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, तथापि नित्याच्या. अक्षरें मोठीं करून घ्यावीं. डोळे ताणण्यांत पुरुषार्थ नाहीं. औषधाच्या पाकिटावरील बारीक छपाई कॅमेऱ्यांतून मोठी करून वाचावी. बोटें थरथरत असतील त्यांनीं मराठींत बोलावें, यंत्र लिहून घेतें. मात्र पाठविण्यापूर्वीं एकदां वाचावें, कारण जोडाक्षरांशीं त्याचें अद्याप पुरतें सख्य झालेलें नाहीं. वीज भरण्यास लावलेला फोन उशीखालीं ठेवूं नये; तो तापतो, व उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य घटतें.

हें सर्व एका रविवारीं दुपारीं होण्याजोगें आहे. नातवानें जवळ बसावें, परंतु बोट आजोबांचें चालावें. नातवानें भरभर करून दिलेलें सोमवारपर्यंत टिकत नाहीं. शेवटीं मुलाचा, डॉक्टरांचा, ११२ व १९३० असे चार क्रमांक ठळक अक्षरांत कागदावर लिहून तो स्वयंपाकघराच्या दारामागें चिकटवावा. बॅटरी संपलेली असली म्हणजे शेजाऱ्यांच्या फोनवरून तेच लावतां येतात.

जुन्या कागदपत्रांचीं व छायाचित्रांचीं प्रतिबिंबें फोनांत कशीं जपावीं, याविषयीं पुढील अंकीं लिहूं.