दोस्ताचा पाना, दोस्ताची मजुरी

मालाची गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये पडली की बिलापेक्षा बुडालेला धंदाच जास्त टोचतो. मसाल्याची किंवा बेकरीची लाइन करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तरीही वायपरचे रबर, एअर फिल्टर, उडालेला फ्यूज एवढ्यासाठी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लावणारे व्यापारी पुष्कळ आहेत. आपल्या ओळखीत एखादा मेकॅनिक, एखादा वायरिंगवाला, एखादा डेंटर असतोच. दुकान बढवल्यावर त्याच्यासोबत अर्धा तास बसले तर ही कामे सहज होतात.

बॅटरीचेच घ्या. सकाळी सेल्फ मारला, नुसते टिकटिक झाले की लोक नवी बॅटरी आणायला निघतात. आधी बॉनेट उघडून टर्मिनल पाहावे. पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर करंट पोहोचत नाही. गाडी बंद ठेवून प्रथम निगेटिव्ह तार सोडावी, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासावे, कोरडे करावे आणि जोडताना उलटा क्रम ठेवावा, निगेटिव्ह शेवटी. वरून थोडे व्हॅसलीन. फ्यूज मात्र जेवढ्या अँपिअरचा उडाला तेवढ्याचाच हवा: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. त्या जागी तांब्याची तार गुंडाळणारा जुगाडू दोस्त असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. वायरिंग जळते, कधी गाडीही.

आता खरा मुद्दा. कापडवाला दोस्त आपल्याला ठाण फुकट देत नाही, आपण मागतही नाही. मग मिस्त्री दोस्ताची दोन तासांची मेहनत ‘आपलाच माणूस’ म्हणून फुकट कशी? तो तोंडाने मागत नाही, पण त्याच वेळी त्याचे गिऱ्हाईक थांबलेले असते. मजुरी आधी विचारावी आणि काम संपताच द्यावी. पैशांचा संकोच वाटत असेल तर हुनराच्या बदल्यात हुनर चालेल. शिंप्याने त्याच्या रिक्षाचे सीट कव्हर शिवून द्यावे. आपली बचत मजुरी बुडवण्यात नाही. सुटा भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून स्वतः बिलासह आणण्यात आणि धंद्याचा दिवस वाचवण्यात आहे.

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि सीएनजीची गळती ही गल्लीत करायची कामे नव्हेत, दोस्त कितीही उस्ताद असो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणालाही शिरू देऊ नये. गाडी वॉरंटीत असेल तर तिची अट आधी वाचावी. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर जास्त आहेत. तिथे अंदाजाने भाग बदलत बसण्यापेक्षा चार जणांनी मिळून एक साधा स्कॅनर घेतलेला परवडतो.

आणि पोचा. खासगी गाडीचा वर्षभर क्लेम घेतला नाही तर गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. पाच वर्षांत ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका छोट्या क्लेमने ती साधारणपणे शून्यावर येते. म्हणून दरवाजाला पोचा आला तर आधी डेंटर दोस्ताला आकडा विचारा, विमा एजंटला फोन त्यानंतर.